भुताचं काम मिळालं नाही, दार मिळालं

मला भूत व्हायचं होतं. २०२३च्या सप्टेंबरात मास्टर्ससाठी इंग्लंडात पोचले आणि विद्यापीठापासून बसने पाऊण तासावरच्या एका थीम पार्कात हॅलोविनसाठी माणसं घेताहेत असं कळलं. लगेच अर्ज टाकला. कॉलेजात एकांकिका केलेल्या, आवाज खणखणीत, आणि लहानपणी गुहागरकडच्या शिमग्यात संकासुरापासून जीव घेऊन पळालेली. आणखी काय पात्रता हवी?

पार्कच्या एचआरमधल्या बाईंनी माझा शेअर कोड (काम करायची परवानगी ऑनलाइन तपासायचा सरकारी कोड) तपासला आणि शांतपणे सांगितलं, की विद्यार्थी व्हिसावर ‘एंटरटेनर’ म्हणून काम करता येत नाही. मुखवटा घालून लोकांवर ओरडणं त्यात मोडतं. मेझच्या, म्हणजे लोकांना घाबरवायला बांधलेल्या अंधाऱ्या खोल्यांच्या वाटेच्या, दारावर उभं राहायचं काम आहे, चालेल का? म्हटलं, चालेल.

तेव्हा इकडे शिकायला येणाऱ्यांनी पहिली गोष्ट ही लक्षात ठेवा. पदवी किंवा मास्टर्सच्या विद्यार्थ्याला टर्म चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं, आणि हा आठवडा सोमवार ते रविवार असा मोजतात. व्हिसावर काय लिहिलंय ते आधी वाचा. ऑक्टोबरात शेतांवरही घाबरवण्याचे असे छोटे छोटे कार्यक्रम (स्केअर इव्हेंट) होतात. तिथे कुणी ‘पगार नाही, इनव्हॉइस पाठव’ म्हणालं, तर ते स्वयंरोजगारात धरतात आणि त्याला विद्यार्थी व्हिसावर मनाई आहे. दोनशे पौंडांसाठी व्हिसा धोक्यात घालू नका. मला तासाला १०.४२ पौंड मिळायचे. २३ किंवा त्याहून जास्त वयाच्यांसाठी तेव्हाचा कायदेशीर किमान दर तोच होता.

माझ्या हुद्द्याचं नाव होतं बॅचर. रांगेतून आठ माणसं मोजायची, एकामागे एक उभी करायची, प्रत्येकाचे हात पुढच्याच्या खांद्यावर ठेवायला लावायचे. मग नियमांचं पाठांतर: नट तुम्हाला हात लावणार नाहीत, तुम्हीही त्यांना लावू नका, आत लखलखणारे दिवे आहेत, फिट्स येत असतील किंवा गरोदर असाल तर कृपया थांबा. मग पडदा बाजूला करून आत सोडायचं. घड्याळ बघायचं. पुन्हा आठ.

आत काय होतं ते मी पहिल्यांदा पाहिलं ट्रेनिंगच्या दिवशी, सगळे दिवे लावलेले असताना. काळा रंग फासलेलं प्लायवूड, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेल्या वायरी, जमिनीवर खुणेच्या टेपा, कोपऱ्यात नटांच्या पाण्याच्या बाटल्या. गणपतीच्या मंडपाच्या मागच्या बाजूला गेलं की जसं दिसतं, अगदी तसं. अकरा खोल्या, अकरा नट, चालायला साधारण सहा मिनिटं. मी मनात म्हटलं, याला कोण घाबरणार?

पहिल्या शनिवारी दुपारी बारा वाजता मेझ उघडला. दोन बॅचमध्ये ६० सेकंदांचं अंतर ठेवायचं असं ठरलेलं. बाहेर येणारी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती, एक बाई हसता हसता रडत होती, एका दांडग्या माणसाने मित्राचं स्वेटर खेचून सैल करून ठेवलं होतं. मी खूश. चारच्या सुमाराला रांग १०० मिनिटांची झाली आणि रेडिओवर सुपरवायझरचा आवाज आला: तीस सेकंद कर.

हिशोब साधा आहे. दर मिनिटाला आठ म्हणजे तासाला ४८०. दर अर्ध्या मिनिटाला आठ म्हणजे ९६०. बाहेर उभी असलेली आठशे माणसं शंभरऐवजी पन्नास मिनिटांत आत जातात. सुपरवायझरचं काही चुकत नव्हतं. पण सहा मिनिटांच्या मेझमध्ये दर तीस सेकंदांनी बॅच सोडली, की आत एकाच वेळी बारा बॅचेस असतात. खोल्या अकरा.

साडेचारनंतर बाहेर येणारी माणसं हसत होती, पण मघाचं हसू वेगळं आणि हे वेगळं. हे लग्नात जेवण बेचव झालं तरी ‘छान होतं हो’ म्हणतात, तसलं.

का, ते मला ब्रेकमध्ये तिसऱ्या खोलीतल्या नटाने सांगितलं. त्याच्याकडे खिडकी होती. भिंतीत चौकोन, त्यावर सरकती फळी. माणसं समोर आली की तो फळी धाडकन खाली पाडतो आणि अर्धं शरीर बाहेर काढून किंचाळतो. ऐकायला एका सेकंदाचं काम. पण त्यानंतर फळी वर ओढायची, कडी लावायची, मागे व्हायचं, श्वास घ्यायचा, आणि पुढच्या बॅचची चाहूल घ्यायची. याला रीसेट म्हणतात. त्याला वीस सेकंद लागायचे. शिवाय बॅचेस ठरल्या वेगाने चालत नाहीत. घाबरलेली बॅच हळू चालते, थांबते, मागे सरकते, आणि मागची बॅच येऊन तिला चिकटते. आठाची सोळा होतात. मग तिसऱ्या माणसाला घाबरवलं की बाराव्याला ते सगळं आधीच दिसतं: फळी खाली, नट पाठमोरा, कडी शोधतोय. बाराव्या माणसानेही रांगेत तेवढेच तास काढलेले असतात.

म्हणून कुणी ‘अमका मेझ भारी, तमका बकवास’ असं सांगितलं, की मी आता पहिला प्रश्न विचारते: किती वाजता गेला होतास?

संकासुराची मला तेव्हा फार आठवण यायची. काळे कपडे, डोक्यावर उंच निमुळती टोपी, हातात दोर. पण आम्ही पोरं घाबरायचो ते तो दिसल्यावर नाही. कमरेच्या घुंगरांचा आवाज आधी यायचा. दोन घरं पलीकडून, मग गडग्याच्या आडून, मग एकदम बंद. तो आवाज बंद झाला की पोटात गोळा यायचा. दिसल्यावर आम्ही सुटायचो आणि पळता पळता हसायचो. चांगला मेझ हेच करतो: आधी आवाज, मग शांतता, मग रिकामी खोली. रिकामी खोली! पैसे खर्च करून बांधलेल्या मेझमध्ये मुद्दाम काहीच न घडणारी खोली ठेवायला धाडस लागतं, आणि तिचा उपयोग तेव्हाच होतो जेव्हा ती खरोखर रिकामी असते. पुढच्या बॅचची पाठ दिसत राहिली तर ती नुसती बोळकांडी.

अचानक दचकवणं त्यामानाने सोपं. मोठा आवाज झाला की मेंदूने विचार करायच्या आत, सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळात डोळे मिटतात आणि खांदे वर जातात. तुम्ही कितीही शूर असा. पण शरीर याला फार लवकर सरावतं. एकाच बाजूने, एकाच उंचीवरून, त्याच फळीतून चौथ्यांदा कुणी ओरडलं, तर माणसं आधीच त्या भिंतीपासून लांब चालायला लागतात. म्हणून जाणकार नट दिशा बदलत राहतात. डावीकडे मोठं बाहुलं हलतं, सगळे तिकडे बघतात, आणि खरा माणूस उजवीकडून गुडघ्याएवढ्या उंचीवरून येतो. किंवा एका ओळीत सहा पुतळे, सगळे मेणाचे वाटतात. चार तसेच मागे पडतात, पाचवा श्वास घेतो. आमच्याकडे ठिपक्यांची खोली होती. भिंती काळ्या, त्यावर अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात चमकणारे ठिपके, आणि तसेच ठिपके असलेले काळे कपडे घालून नट भिंतीला टेकून उभा. खर्च जवळजवळ शून्य. भिंतीचा एक तुकडा सुटून तुमच्याकडे येतो. अकरा खोल्यांत मला तीच सगळ्यात आवडायची.

नटांचा एक अलिखित नियम आहे: पुढे घाबरव. माणूस दचकला की पळतो, तो पुढे पळाला पाहिजे. समोरून अंगावर गेलात तर रांग मागे दबते, मागचे पडतात, आणि पुढची दोन मिनिटं मेझ तुंबतो. अंगावर आलेल्या नटाला माणसं प्रतिक्षिप्तपणे ठोसाही मारतात, मुद्दाम नाही. आमच्या एका नटाचा चष्मा असाच गेला.

रांग लावताना थोडं बॅचरच्या हातातही असतं. ‘मी सगळ्यात मागे!’ असं ओरडणाऱ्याला मागेच ठेवा, कारण मागून येणाऱ्या नटाला तोच हवा असतो. पण सगळ्यात घाबरलेल्या माणसाला पहिला करू नका, तो तिसऱ्या खोलीत खांबासारखा उभा राहतो. पहिला क्रमांक बऱ्याचदा एखाद्या शांत आईला द्यावा. तरुण पोरांचा घोळका आला, तर त्यांच्यात सगळ्यात जास्त बोलणारा कोण ते नटांना रेडिओवरून कळवता येतं. (हे ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.)

दिवसाच्या उजेडाचाही खेळ आहे. इकडे ऑक्टोबरच्या सुरुवातीला साडेसहापर्यंत उजेड असतो. उन्हातून काळ्या खोलीत शिरलं की डोळ्यांना काहीच दिसत नाही. अंधाराला ते पूर्ण सरावायला वीस मिनिटांच्या वर लागतात. म्हणजे दुपारचे लोक खरं तर जास्त आंधळे असतात आणि भिंतीला हात लावत चालतात. त्यांच्यासाठी पहिली खोली अगदी काळी ठेवली तर निम्मं काम फुकटात होतं. आमच्या मेझने नेमकी पहिल्याच खोलीत गोष्ट सांगणारा टीव्ही लावला होता: शापित कुटुंब, आग, डॉक्टर वगैरे. स्पीकर फुटका, लोक हसण्या-खिदळण्यात. ती गोष्ट महिनाभरात कुणी पूर्ण ऐकली असेल असं मला वाटत नाही. बांधणाऱ्याने मात्र तिच्यावर मन लावून काम केलेलं दिसत होतं, म्हणून वाईट वाटायचं. लखलखणाऱ्या स्ट्रोब दिव्यांचंही तसंच. एका खोलीत छान, चार खोल्यांत डोकेदुखी.

शेवटी करवत. साखळी काढून टाकलेली असते, पण इंजिन खरं, पेट्रोलचा वास खरा. जवळपास सगळेच मेझ असेच संपतात आणि जाणकार त्याला नाकं मुरडतात. मुरडू देत. शेवटचे वीस मीटर पळायला मिळालं की मधल्या पाच कंटाळवाण्या खोल्या माणूस विसरतो. फक्त बाहेर पायरी नको आणि समोर मोकळी जागा हवी.

जास्त भीती म्हणजे जास्त मजा, हा समज मात्र सोडा. डेन्मार्कमध्ये एका भुताटकीच्या घरात ११० लोकांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावून संशोधकांनी अभ्यास केला. तो २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यात जास्त मजा आलेले लोक मधोमध निघाले. फार कमी घाबरलेल्यांना कंटाळा, फार जास्त घाबरलेल्यांना त्रास. बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे महिनाभर पाहिल्यावर मला यात नवल वाटलं नाही. गोची अशी, की ‘मधोमध’ प्रत्येकाचं वेगळं, आणि खांद्यावर हात ठेवलेल्या आठ जणांना मेझ मात्र एकच.

हा धंदा अमेरिकेत जुना. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्मने १९७३पासून हॅलोविनचा कार्यक्रम सुरू केला. ऑरलँडोच्या युनिव्हर्सलने १९९१मध्ये केला, तेव्हा तिथे भुताटकीचं एकच घर होतं, आता दरवर्षी दहाच्या आसपास असतात. तिथे गर्दी इतकी, की माणसांची माळ सहसा तुटतच नाही. चाहते तिला काँगा लाइन म्हणतात. मग नटांच्या जागा, दिवे आणि आवाज त्या न तुटणाऱ्या माळेच्या हिशोबानेच बसवावे लागतात. इंग्लंडमध्ये थॉर्प पार्कचा कार्यक्रम २००२पासून आणि आल्टन टॉवर्सचा २००७पासून आहे. आधी गिऱ्हाईक म्हणून कुठेतरी एकदा जाऊन या, मग अर्ज करा. रांगेत दीड तास उभं राहिल्याशिवाय दारावर उभं राहण्याचा अर्थ कळत नाही.

ट्रेनिंगमध्ये एक तास नुसता आगीवर होता आणि तेव्हा वर्गात कुणी चेष्टा केली नाही. ११ मे १९८४ रोजी न्यू जर्सीतल्या एका थीम पार्कच्या ‘हाँटेड कॅसल’मध्ये आग लागून आठ किशोरवयीन मुलं गेली. अंधार, वळणं, धूर, आणि आत पाणी फवारणारे स्प्रिंकलर नाहीत. त्यानंतर अमेरिकेत अशा घरांसाठी नियम कडक झाले. आमच्याकडे एक बटण दाबलं की सगळे आवाज बंद, सगळे दिवे चालू, आणि प्रत्येक नट मुखवटा काढून जवळचं दार दाखवणार. या घडीला आत किती माणसं आहेत, हे बॅचरला कुणीही विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. तीस सेकंदांच्या अंतराने हा आकडा नव्वदच्या वर जायचा. मला रात्री झोपेत तो मोजल्याचं आठवतं.

बाकी किरकोळ. दोन मोजे घाला, थर्मास न्या, शेवटची बस किती वाजता ते आधी बघा. नट होणार असाल (व्हिसा देत असेल तर) ऑडिशन्स उन्हाळ्यातच होतात, आणि ओरडायचं ते पोटातून. पहिल्या आठवड्यात घशातून ओरडणारे दुसऱ्या आठवड्यात दारावर माझ्या शेजारी उभे होते.

३१ ऑक्टोबर मंगळवारी आला आणि संध्याकाळपासून पाऊस लागला. आठ वाजता रांगेत जेमतेम पन्नास माणसं. रेडिओ गप्प होता. मी कुणाला न विचारता अंतर ८० सेकंद केलं. प्लायवूडच्या पलीकडून एकेक किंकाळी सुटी ऐकू यायला लागली: आधी खिडकी, मग बराच वेळ काहीच नाही, मग ठिपक्यांची खोली, शेवटी करवत आणि चिखलात पळणारे पाय. एक आजोबा बाहेर आले ते थेट रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभे राहिले. तासाला ३६० माणसं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या तक्त्यात आमच्या मेझची ती रात्र लाल रंगात होती.