तलावाचं पाणी उतरवून जलकुंभी काढायची असेल तर

पाणी उतरवल्यानं जलकुंभी, म्हणजे पाण्यावर तरंगून तलाव झाकणारं तण, मरत नाही, हे आधी सांगते. फक्त ती हाताशी येते आणि पाच-सहा आठवडे हाताशी राहते. त्या आठवड्यांत जेवढं काम कराल तेवढंच पदरात पडतं. नुसतं तुडुम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं तोंड, उघडून उन्हाच्या भरवशावर घरी बसलात तर पुढच्या आखाडीला तलाव पहिल्यापेक्षा हिरवा झालेला दिसेल. आमचा झाला होता.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका गावच्या मच्छीमार संस्थेची सचिव आहे. तलाव मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारांच्या काळातला. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि आमच्यासारख्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाच्या, संस्था ठेक्यानं मासेमारी करू लागल्या. भरला की पस्तीस एकर पाणी, तुडुमापाशी नऊ फूट खोल. त्यातला निम्मा जलकुंभीनं आणि काठ बेशरमानं, म्हणजे काठावर माजणाऱ्या झुडपानं, धरला होता. दोन्ही दक्षिण अमेरिकेतून आलेल्या. जाळं टाकायला जागा उरली नव्हती.

पहिलं काम कागदाचं. तलाव एकट्या संस्थेचा नसतो. खालच्या शेतकऱ्यांचं उन्हाळी धानाचं पाणी, गावची जनावरं, काठच्या विहिरी, शिंगाडा लावणारे, सगळ्यांचा त्यावर हक्क असतो. म्हणून संक्रांतीच्या सुमारास ग्रामसभेत ठराव घ्या आणि तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्या लघुसिंचन कार्यालयाची लेखी परवानगी काढा. "सोडा हो, कोण विचारतो" असं म्हणणारे प्रत्येक गावात असतात. पण मे महिन्यात विहिरी खाली गेल्या की हेच लोक आधी येऊन विचारतात. ज्या वर्षी पाऊस कमी झाला त्या वर्षी हा विषयच काढू नका.

आता पाणी. होळी झाली की सुरू करायचं, म्हणजे एप्रिल संपेपर्यंत हवी ती पातळी येते आणि मे अख्खा वाळवायला मिळतो. जुन्या तुडुमाला वरून खाली ओळीनं भोकं असतात, त्यात लाकडी गुटके ठोकलेले. सगळ्यात वरचा गुटका आधी काढायचा. पाणी त्याच्या खाली गेलं की दुसरा. खालचा एकदम काढायचा मोह होतो, कारण मग पंधरा दिवसांत काम होतं. पण मातीची पाळ आतून पाणी प्यालेली असते. तलावातलं पाणी झटकन उतरलं तर तिला टेकू राहत नाही आणि आतली बाजू घसरते. तुडुमाजवळ बांबू रोवून त्यावर बोटाबोटावर खुणा करा आणि रोज सकाळी वहीत लिहा. आम्ही दिवसाला तीन-चार बोटांच्या वर जाऊ देत नाही. मे लागला की उन्हाचाही हिशोब धरावा लागतो. रोज सेंटीमीटरभर पाणी नुसतं उडून जातं, आणि पस्तीस एकर, म्हणजे चौदा हेक्टरवर सेंटीमीटर म्हणजे चौदा लाख लिटर. तलाव पूर्ण भरलेला धरून हा हिशोब आहे. पसारा आटतो तसा आकडाही खाली येतो, तरी तो विसरून तुडुम उघडं ठेवलं तर माशांसाठी राखायचा डोह हातचा जातो.

तुडुमाच्या तोंडाला जाळी बांधायला विसरू नका. पाटातून जलकुंभीचा एक तुकडा खालच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, गेला तरी शेतकरी वर्षभर तुमच्या नावानं ओरडेल, आणि त्याचं बरोबरच असेल.

तलाव सगळा कोरडा कधीच करायचा नाही. पाळीजवळचा खोल भाग, निदान चार फूट पाण्याचा, राखून ठेवा. मरळ तिथंच उन्हाळा काढते आणि जनावरंही तिथंच उतरतात. विकायचे रोहू-कतला त्याआधी काढून घ्या, कारण पाणी आटताना कुजणारी पानं पाण्यातला प्राणवायू खातात. पहाटे पाचला काठावर जाऊन बघा. मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर तुडुम त्याच दिवशी बंद करायचं आणि डोहात तरंगणारा कचरा डोंग्यानं बाहेर ओढायचा. सकाळी दहाला गेलात तर काहीच दिसणार नाही. मासे मेलेले मात्र दुसऱ्या दिवशी दिसतील.

उघड्या पडलेल्या चिखलावर जलकुंभी आडवी होते. पानं आठवड्यात करपतात आणि सगळं तपकिरी दिसतं. पहिल्या वर्षी आम्हाला वाटलं, झालं काम. आमच्यातले एक म्हातारे ढिवर काका म्हणाले, "बाई, ती मेली नाही, बसली आहे." त्यांनी विळ्यानं एका झाडाचा गड्डा, मुळं आणि पानं जिथं जुळतात तो भाग, उभा कापून दाखवला. आतून पांढराशुभ्र, मुळ्यासारखा ओला. तेव्हापासून आमची तपासणी हीच. शंभर पावलांवर एक असे दहा-बारा गड्डे कापायचे. आत तपकिरी आणि भुसभुशीत असेल तर मेली. पांढरं दिसलं तर खालचा चिखल अजून ओला आहे, म्हणजे उलथायला लागेल. कुदळीनं, दाताळ्यानं, आणि जमीन ट्रॅक्टरचं वजन पेलू लागली की ट्रॅक्टरनं. नांगरट नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, आत झाली पाहिजे. ते नऊ दिवस जे ऊन करतं ते मजुरीनं होत नाही.

वाहून नेण्याची घाई करू नका. ओल्या जलकुंभीत शंभरात पंचाण्णव भाग पाणी असतं. वीस घमेली डोक्यावर नेलीत तर एकोणीस घमेली पाणी नेलंत. जागेवर उलटीपालटी करून वाळवा, मग ढीग करा. ठेकेदाराला द्यायचं असेल तर दर वजनावर ठरवू नका, एकरावर ठरवा. आम्ही एकदा वजनावर ठरवला आणि ओल्या मालाचे पैसे मोजले.

बेशरमाचं गणित वेगळं. पाणी उतरल्यानं तिचं काहीच बिघडत नाही, उलट उघडी ओली जमीन तिला आयती मिळते. ती मुळासकट सब्बलनं काढावी लागते. कापलेल्या कांड्या कुठं टाकता हे सगळ्यात महत्त्वाचं. आम्ही त्या पाळीवर टाकल्या, कारण जवळ होतं. मृगाचा पाऊस पडला आणि प्रत्येक कांडीला पेरापेरातून फूट आली. पाळीवर बेशरमाचं कुंपण तयार झालं, तेही आमच्याच हातानं लावलेलं. आता दूर, कडक मुरमावर पसरतो, कांडी मोडली की कट्ट आवाज येईपर्यंत वाळवतो. शेळ्या सोडून बघू म्हणाल तर नको, ती विषारी आहे.

काम करताना जमिनीकडे बघत चला. उघड्या तलावात टिटवी अंडी घालते, घरटं कसलं, नुसता खळगा. चार ठिपकेदार अंडी चिखलाच्या ढेकळांत मिसळून जातात. टिटवी डोक्यावर ओरडत फिरायला लागली की थांबा, शोधा, चार काठ्या रोवून तेवढा तुकडा सोडा.

गाळ काढणार असाल तर तो तुरीच्या किंवा भाजीच्या उंच शेतात द्या, धानाच्या बांधीत देऊ नका. जलकुंभीचं बी गाळात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं आणि बांधीतलं उथळ पाणी त्याला रुजायला अगदी हवं तसं असतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गुटके परत ठोका, फटी चिकणमातीनं लिंपा. तलावात पाणी आणणाऱ्या येव्याच्या नाल्यावर बांबूची ताटी लावा. वरच्या तलावात जलकुंभी असेल तर पहिल्या पुराबरोबर ती येणारच. वरच्या गावाशी आधीच बोललेलं बरं.

यापुढचा टप्पा बहुतेक गावं सोडून देतात. वाळलेल्या चिखलावर दोन बोटं पाणी चढलं की दोन-तीन आठवड्यांत त्यातलं बी उगवतं. ही रोपं जलकुंभीसारखी दिसतच नाहीत. फुगलेला देठ नाही, गोल पान नाही, रिबिनीसारखी अरुंद पाती चिखलाला धरून उभी. आम्ही पहिल्या वर्षी गवत समजून सोडली, आणि दिवाळीपर्यंत निम्मा तलाव परत गेला. आता दर पंधरा दिवसांनी बाया ओळीनं उभ्या राहून काठ चालतो, रोवणीच्या दिवसांतसुद्धा, आणि रोप चिमटीत धरून मुळासकट उपटतो. रिकाम्या झालेल्या जागी देवधान, म्हणजे जंगली भात, आणि हायड्रिला ही पाण्याखाली वाढणारी वनस्पती लावतो. मासे त्यात अंडी घालतात आणि मोकळी जागा उरत नाही.

शहराच्या सांडपाण्यावर भरणाऱ्या तलावांना हे लागू करू नका. तिथं चिखल वाळतच नाही. साल्व्हिनिया हे तरंगणारं नेचं असेल, जिला बैतूल जिल्ह्यातल्या सारणीच्या सातपुडा जलाशयाकडे चायनीज झालर म्हणतात, तर तिचं रुजणारं बी नसतं, म्हणून वाळवणं जास्त उपयोगी पडतं. पण तिथंही एवढ्या मोठ्या जलाशयासाठी शास्त्रज्ञांनी तिला खाणारे भुंगेरे सोडले.

उपटलेल्या रोपांचा आकडा आम्ही त्याच वहीत लिहितो. दुसऱ्या वर्षी एका फेरीत चार पाट्या भरल्या होत्या, तिसऱ्या वर्षी दीड. यंदा पोळ्याच्या आधीच्या फेरीत ओंजळभर निघाली. ती मी पदरात बांधून घरी आणली आणि चुलीत टाकली.