इंजिन बदललं आणि गाडीचे दिवे मंद झाले: माझा अनुभव

बाबांच्या जुन्या मारुती एटहंड्रेडला दुसरं इंजिन बसवून आणलं आणि आठवड्यातच कात्रजच्या घाटात घाम फुटला. हेडलाइट लावले की ते मंद जळायचे आणि टेम्परेचरचा काटा चढायचा, बंद केले की उतरायचा. सकाळी स्टार्टर नुसता कण्हायचा. दोघांनी सांगितलं, बॅटरी बदला. माझं मन मानेना, कारण सेल मारल्यावर, म्हणजे स्टार्टर फिरवल्यावर, क्लच केबलला हात लावला तर चटका बसला!

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर, म्हणजे त्याच्या धातूच्या धडावर. भावाला म्हटलं, "मार सेल." २.८ व्होल्ट! इथे ०.२ च्या वर नको. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं आणि रबरातून करंट जात नाही, म्हणून तो बॅटरीकडे परतायला ब्लॉकला अर्थिंगची जाड पट्टी लागतेच. ती परत लावायची राहून गेली होती आणि स्टार्टरचा सगळा करंट बिचाऱ्या केबलमधून परतत होता.

नाना पेठेतून विणलेली तांब्याची पट्टी आणली. बॉडीवरचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा उघडा केला, बोल्ट आवळले, वरून ग्रीस. आता ०.१. गाडी चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट, आधी १२.४ होते. क्लच केबल मात्र बदललीच, आतली नळी वितळली होती.