इंजिन न उतरवता मारुती ८००चा ऑइल पंप बदलणे

मारुती ८००च्या ७९६ सीसी एफ८बी इंजिनात ऑइल पंप क्रँकच्या पुढच्या टोकावर, टायमिंग बेल्टच्या मागे बसतो. आत एकात एक फिरणारे दोन रोटर, बाजूला जादा प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह, आणि क्रँकचं पुढचं ऑइल सीलही त्याच बॉडीत. त्यामुळे इंजिन खाली घ्यायची गरज नाही, पण पुढून बेल्ट आणि खालून चेंबर (ऑइल साठतं ते तळाचं भांडं) अशा दोन्ही बाजू उघडाव्या लागतात. पहिल्यांदाच करत असाल तर शनिवार-रविवार मोकळा ठेवा.

त्याआधी पंपच गेलाय का, याची खात्री करा. ऑइलचा दिवा साधारण ०.३ किलो (प्रति चौरस सेंमी) प्रेशरच्या आसपास पेटतो, म्हणजे तो आयडलला लुकलुकायला लागला तेव्हा प्रेशर जवळजवळ संपलेलंच असतं. मात्र दिव्याचा ऑइल प्रेशर स्विच खराब असला तरी तो पेटतो. स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावा. थंड इंजिनावरचं प्रेशर बघून काही कळत नाही. कात्रजचा घाट चढून आल्यावर, तापलेल्या इंजिनावर ३००० आरपीएमला ३ किलोच्या आसपास किंवा वर काटा हवा. प्रेशर कमी आणि खालून जड ठोकाही येत असेल, तर बेरिंगं गेली आहेत. नव्या पंपाने तो आजार बरा होत नाही.

पुण्यात आणखी एक कारण हमखास सापडतं, ते म्हणजे स्पीडब्रेकर. भरलेली गाडी घासली की चेंबरचा तळ आत दबतो आणि ऑइल ओढणाऱ्या जाळीला टेकतो. पंप धडधाकट, पण त्याला ऑइलच मिळत नाही. गाडीखाली वाकून आधी चेंबर बघून घ्या, कदाचित पंपाचे पैसे वाचतील.

सामानात पंप, त्याचं पॅकिंग, पुढचं ऑइल सील, जाळीची ओ-रिंग, ड्रेन नटचं वायसर, ऑइल फिल्टर, टायमिंग बेल्ट, काळं सिलिकॉन आणि ३ ते ३.५ लिटर ऑइल लागेल. पाने-गोट्या (सॉकेट) जुन्या बाजारातून आणल्या तरी चालतील, पंप मात्र तिथून नको. नाना पेठेतल्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात घेतलात तर काउंटरवरच उघडून बघा. रोटर हाताने न अडखळता, गुळगुळीत फिरायला हवेत. बॉडीवर टायमिंगची खूणही असायला हवी, कारण क्रँकच्या दातेरी पुलीची खूण तिच्याशीच जुळवायची असते. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) असेल तर मोजूनही घ्या: बाहेरचा रोटर आणि बॉडी यांच्यातली फट ०.३१ मिमीच्या आत, बाजूची फट ०.१५ मिमीच्या आत.

इंजिन कोमट असताना ऑइल काढा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. गाडी पुढून उचलून घोडीवर (जॅक स्टँडवर) ठेवा; नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. टायमिंगच्या बाजूचं चाक काढलं की हात शिरायला जागा होते. त्या बाजूचं इंजिनचं माउंटिंग आड येत असेल, तर ते सोडण्याआधी इंजिनला आधार द्या, पण चेंबरखाली नको, कारण चेंबर निघणार आहे.

फॅन बेल्ट, वॉटर पंपाची पुली, क्रँक पुली, टायमिंग कव्हर, या क्रमाने उघडत जा. क्रँकचा मधला बोल्ट चेंबर आणि बेल्ट जागेवर असतानाच सैल करा: गाडी टॉप गिअरमध्ये, दुसऱ्याचा पाय ब्रेकवर, आणि लांब दांड्याची गोटी. मग खुणा जुळवून, मोबाइलवर फोटो काढून, बेल्ट उतरवा. दातेरी पुली ओढताना खाली हात धरा; तिला क्रँकवर अडवून धरणारी छोटी चावी (की) निसटून पडते आणि नेमकी सापडत नाही. अल्टरनेटर, त्याचं ब्रॅकेट आणि आड येत असेल तर डिपस्टिकची नळी बाजूला करा.

खालून सायलेन्सरचा पुढचा पाइप आणि क्लच हाउसिंगची पातळ प्लेट काढली की चेंबर मोकळा होतो. सिलिकॉनने चिकटलेला असतो. स्क्रूड्रायव्हर खुपसलात तर कड वाकते आणि मग तो कायम गळतो. लाकडी ठोकळा लावून कडेने हलके ठोके द्या. आता जाळी काढा. तिच्यात काळ्या रबरासारखे तुकडे दिसले, तर ते आधीच्या मेकॅनिकने सढळ हाताने लावलेलं सिलिकॉन आहे. चकाकणारा चुरा दिसला तर काम इथेच थांबवून बेरिंगं तपासा.

पंपाचे बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढून, भोकं पाडून, ज्याचा बोल्ट त्याच जागी खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी गेला की ॲल्युमिनियमचे आटे गेलेच.

ब्लॉकवरचं जुनं पॅकिंग खरवडताना क्रँकभोवती चिंधी कोंबा. नव्या पंपाच्या रोटरमध्ये ऑइल ओतून हाताने फिरवा, सगळीकडे पसरू द्या. कोरडा पंप ऑइल ओढत नाही, हवाच घुसळत बसतो. सीलच्या ओठाला ऑइल लावा. क्रँकच्या टोकाला चावीच्या खाचेची धार असते आणि पंप सरकवताना ती सीलचा ओठ कापते. नवा पंप दुसऱ्याच दिवशी गळतो तो यामुळे. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, कापून, क्रँकवर घट्ट गुंडाळा, वरून ऑइल चोळा, पंप त्यावरून सरकवा आणि पिशवी ओढून घ्या. बोल्ट साधारण १ किलो-मीटर टॉर्कला आवळा. आवळल्यावर पॅकिंगची कड खाली, चेंबर बसतो तिथे, जरा बाहेर डोकावते. ती ब्लेडने ब्लॉकशी सपाट कापा. नाही कापली तर चेंबरचा तो कोपरा कधीच नीट बसत नाही.

जाळी नव्या ओ-रिंगनेच बसवा. जुनी हवा धरते. चेंबरला सिलिकॉनची ३ मिमीची सलग रेघ पुरे, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. जास्त लावलं तर ते आत सुटून जाळीत जातं. बोल्ट मधून कडेला, १ किलो-मीटरलाच. बेल्ट चढवून इंजिन हाताने, घड्याळाच्या दिशेने दोन फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा जुळल्याशिवाय टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आवळू नका.

सिलिकॉन वाळायला त्याच्या ट्यूबवर लिहिलेला वेळ द्या, मग ऑइल भरा. लगेच स्टार्ट करू नका. तिन्ही प्लग काढा. कार्ब्युरेटरच्या गाडीत कॉइलची मधली वायर बॉडीला लावा, एमपीएफआयमध्ये (फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत) फ्युएल पंपाचा फ्यूज आणि कॉइलचं कपलर काढा. स्टार्टर पाच-पाच सेकंद, मध्ये थांबत मारा. प्लग नसल्याने इंजिन हलकं फिरतं आणि बेरिंगांवर भार न येता ऑइल वर चढतं. दिवा विझला की प्लग लावून इंजिन चालू करा. पाच-सात वेळा मारूनही विझला नाही तर फिल्टर सैल करून बघा: ऑइल येत नसेल तर पंप कोरडा आहे किंवा जाळीची ओ-रिंग हवा घेतेय.

दहा मिनिटं चालवून बंद करा, पाच मिनिटांनी डिपस्टिक बघा. जुनं ऑइल गटारात ओतू नका. जवळच्या गॅरेजच्या ड्रममध्ये द्या, ते घेतात. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चेंबरच्या कडेवरून कोरडं बोट फिरवा. बोट ओलं झालं तर आधी कापलेल्या पॅकिंगचे दोन कोपरे बघा.