पॉइंट टू टूचा ग्रुप पसरतोय? साइट फिरवायच्या आधी या चुका टाळा

पॉइंट टू टू (.२२) रायफलचा ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा गठ्ठा, पसरला की पहिला हात साइटच्या (नेम धरायच्या साधनाच्या) नॉबवर जातो, हे आधी बंद करा. नॉब फिरवून ग्रुप इकडून तिकडे सरकतो, लहान होत नाही. दोन क्लिक डावीकडे, पुढची गोळी उजवीकडे, मग परत तीन क्लिक, आणि पन्नास राउंड (काडतुसं) संपेपर्यंत माणूस घाण्याच्या बैलासारखा त्याच जागी फिरत राहतो, आणि इंदूरला परदेशी मॅच ॲमो (स्पर्धेची काडतुसं) किती मुश्किलीने मिळतो ते आपल्याला माहीतच आहे, त्यामुळे अशी उधळपट्टी बघवत नाही.

आधी नेमकं काय पाहिजे ते समजून घ्या. ५० मीटरच्या रायफल टार्गेटवर १० च्या रिंगचा व्यास १०.४ मिमी आहे, बघायला एवढासा ठिपका. पण गोळी ५.६ मिमीची आणि तिची कडा रेषेला टेकली तरी वरचा मार्क मिळतो, म्हणजे गोळीचं केंद्र मधोमध पासून ८ मिमीच्या आत पडलं की दहा. हिशोब केला तर सेंटर टू सेंटर १६ मिमीचा ग्रुप, बरोब्बर मध्ये बसवलेला, सगळे दहा देतो. चांगल्या बॅरलला (नळीला) जुळलेला लॉट, म्हणजे एकाच खेपेत बनलेला ॲमो, असेल आणि रायफल शिकंजात पकडलेली असेल तर हे काही अवघड नाही. अवघड होतं ते आपण मागे आडवे झाल्यावर. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसळेने पॅरिसला २०२४ मध्ये थ्री पोझिशनच्या क्वालिफिकेशनमध्ये ६०० पैकी ५९० मारले, तेही नीलिंग (गुडघ्यावर), प्रोन (पालथं पडून) आणि स्टँडिंग (उभं राहून) धरून, आणि पुढे ब्राँझ आणलं. आपल्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर पण याच इव्हेंटचा. ही मंडळी रोज नॉब पिळत बसत नसतात.

तीन गोळ्यांवर निकाल लावणं

ही चूक इतकी कॉमन आहे की तिला चूकच कोणी म्हणत नाही. तीन गोळ्या एका भोकात गेल्या, फोटो काढला, व्हॉट्सॲपवर टाकला, "भिया, रायफल टॅक ड्रायव्हर आहे", म्हणजे एकदम अचूक. अरे, तीन गोळ्या कुठल्याही रायफलमधून कधीतरी जवळ पडतातच. तीच रायफल, तोच ॲमो, काहीही न बदलता दहा गोळ्यांचा ग्रुप तीन गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरी दीडपटीहून जास्त मोठा येतो, आणि पाचच्या ग्रुपपेक्षा साधारण पाव हिश्श्याने मोठा. हे गणित आहे, यात तुमचा किंवा रायफलचा काही दोष नाही. म्हणून तुलना करायची तर दहा-दहा गोळ्यांचे निदान तीन-चार कागद काढा आणि "ती एक फ्लायर (गठ्ठ्याबाहेर गेलेली गोळी) होती, सोडून द्या" असं स्वतःला सांगू नका. फ्लायर सोडून द्यायचा हक्क फक्त तेव्हा, जेव्हा गोळी सुटतानाच, कागद बघायच्या आधी, तुम्ही "गेली, उजवीकडे गेली" म्हणालात. कागद बघून मग म्हणालात तर ती मोजायची.

मोजतानाही गडबड होते. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजून त्यातून ५.६ वजा केले की सेंटर टू सेंटर. एकाने असं मोजायचं, दुसऱ्याने तसं, आणि मग तासभर वाद घालायचा.

कागदावरचा आकार आधी बघा

ग्रुप उभा लांबट आहे, आडवा आहे, दोन गठ्ठे आहेत का सगळीकडे गोल पसरलाय, यावरून अर्धं काम होतं.

उभा असेल तर पहिला संशय श्वासावर. प्रोनमध्ये श्वास आत घेतला की छाती वर, बट (रायफलचा खांद्याकडचा भाग) वर आणि नळी खाली जाते, सोडला की नळी वर येते. प्रत्येक शॉटला श्वास वेगळ्या जागी थांबवला आणि उरलेलं अंतर हाताने दाबून भरून काढलं की गोळ्या वर-खाली रांगेत पडणार. अर्धा श्वास का पूर्ण सोडून ते ज्याचं त्याने ठरवावं, पण मग दर वेळी तिथेच. दुसरा संशय स्लिंगवर. पट्टा दंडाच्या आतल्या बाजूला नाडीवर बसला असेल तर फोरसाईट (नळीच्या टोकाची साइट) ठोक्याबरोबर उडताना चक्क दिसते, तो वर सरकवा किंवा बकल बाहेरच्या बाजूला फिरवा.

आणि मग ॲमो. स्टँडर्ड मॅच राउंड साधारण ३२५ मीटर पर सेकंदाने निघतो, ५० मीटर जायला सेकंदाचा सहावा भाग लागतो, तेवढ्यात गोळी अंदाजे १२ सेंटीमीटर खाली पडते. ते आपण साइटमध्ये धरलेलं असतं, ठीक. पण एका गोळीचा वेग दुसरीपेक्षा १० मीटर पर सेकंदाने कमी निघाला तर ती साधारण ८ मिमी खाली बसणार, म्हणजे एक आख्खी रिंग, आणि तुम्ही काहीही चुकवलेलं नाही. रिमफायरमध्ये, म्हणजे या पॉइंट टू टूच्या काडतुसात, पेटणारा मसाला काडतुसाच्या कडेत फिरवून भरलेला असतो, तो कुठे जास्त कुठे कमी बसला की वेग हलतो. स्वस्त डब्यात हे जास्त होतं, महागड्या डब्यात कमी, पण शून्य कुठेच नाही.

याच्याच जोडीला अजून एक गोष्ट जी उन्हाळ्यात आपल्याकडे फार होते. बॅरल तापलंय, राउंड चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या भागात) भरला, मग वारा थांबायची वाट बघत माणूस बसून राहतो, मिनिट दीड मिनिट, काडतूस आत शेकत राहतं, वेग वाढतो आणि गोळी वर जाते. थांबायचंच असेल तर बोल्ट उघडून राउंड बाहेर काढा आणि मग थांबा. तसंच ॲमोचा डबा मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचा नाही. गोळीवर मेणचट ग्रीस असतं, ते वितळून खाली बसतं, त्याला धूळ चिकटते आणि तीच धूळ बॅरलमधून जाते.

आडवा ग्रुप आला की सगळे वाऱ्याला शिव्या घालतात. बऱ्याचदा बरोबरही असतात. ताशी १० किलोमीटरचा सरळ आडवा वारा, जो अंगाला नुसता बरा वाटतो, तो ५० मीटरवर या गोळीला बारा-पंधरा मिमी ढकलतो, आणि रिंगांमधलं अंतर आहे ८ मिमी. शिवाय उजव्या पिळाच्या (आतल्या खाचा उजवीकडे वळणाऱ्या) बॅरलमध्ये वारा उजवीकडून असेल तर गोळी डावीकडे जाताना थोडी वरही जाते, डावीकडून असेल तर उजवीकडे आणि खाली, म्हणजे ग्रुप घड्याळातल्या दहा ते चार असा तिरका दिसतो. असा तिरका कागद दिसला तर रायफलला हात लावू नका, वाऱ्याच्या झेंड्या बघा. मॅच रेंजवर त्या १० आणि ३० मीटरवर असतात, आणि जवळच्या झेंडीला जास्त भाव द्या, कारण सुरुवातीला ढकललेली गोळी पुढे आख्खा रस्ता वाकडीच जात राहते. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे एकच वारा निवडा, त्यातच सोडा, बाकी वेळ हात खाली. आपल्या माळव्यात संध्याकाळी वारा पडतो म्हणतात तसा तो पडतोही, पण सरावाला फक्त पडलेल्या वाऱ्यात जायचं आणि मॅचला भर दुपारी वैतागायचं, हा काय प्रकार आहे?

हाय व्हेलॉसिटी राउंड घेतला तर वारा कमी लागेल, हा गैरसमज पण इथेच काढून टाकू. उलट होतं. तो आवाजापेक्षा जास्त वेगाने निघतो, हवा त्याला पहिल्या काही मीटरमध्येच जोरात रोखते, आणि वारा गोळीला किती ढकलणार हे ती वाटेत किती वेग गमावते त्यावर ठरतं. टार्गेटला सबसॉनिकच (आवाजापेक्षा कमी वेगाचा) बरा.

वारा नसताना आडवा पसरला तर रायफल कलतेय का बघा. पाच डिग्री कललेली रायफल डोळ्याला सरळच वाटते, पण ५० मीटरवर सेंटीमीटरभर फरक टाकते, त्याच बाजूला. एकदा डावी कलली, एकदा सरळ, झालं. थोडं कलतं धरलं तरी चालतं, मोठमोठे शूटर धरतात, पण मग दर शॉटला तेवढंच.

सगळ्यात मोठी चूक, शरीर ओढून नेम धरणं

यावर मी जरा जास्तच बोलतो असं क्लबातली पोरं म्हणतात, बोलू दे. प्रोनमध्ये आडवे व्हा, नेम धरा, मग डोळे मिटा, दोन श्वास घ्या, अंग सैल सोडा, डोळे उघडा. फोरसाईटची रिंग टार्गेटवरच्या काळ्या गोलाच्या मधोमध असेल तर ठीक. बाजूला गेली असेल तर तुमचं शरीर त्या बाजूला बघतंय आणि तुम्ही दंडाच्या जोराने रायफल मध्ये आणून धरताय. ट्रिगर सुटला की तो जोर सुटतो आणि गोळी शरीराकडे जाते. उपाय हातात नाहीये, कमरेत आहे. डावं कोपर जमिनीवर खिळ्यासारखं ठेवा आणि नळी डावीकडे हवी तर कंबर उजवीकडे सरकवा, थोडीशीच, मग परत डोळे मिटून बघा. कंटाळवाणं आहे, दर दहा गोळ्यांनी करावं लागतं, आणि म्हणूनच कोणी करत नाही. कोपर एकदा उचललं, डबा उघडायला वळलात, की सगळं पहिल्यापासून.

ट्रिगरबद्दल थोडक्यात सांगतो. गोळी बॅरलमधून बाहेर पडायला साधारण तीन मिलिसेकंद घेते, म्हणजे आवाज झाल्यावर लगेच मान वर करून "कुठे गेली" बघणाऱ्याने मान आवाजाच्या आधीच उचलायला घेतलेली असते. आवाजानंतर मनात एक-दोन म्हणा, फोरसाईट कुठे परत आली ते बघा, मग स्कोपमध्ये डोकवा. ड्राय ट्रेनिंग (गोळी न भरता सराव) घरी जरूर करा पण रिमफायरचा फायरिंग पिन रिकाम्या चेंबरच्या कडेवर आपटू शकतो, तेव्हा तुमच्या रायफलच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते वाचून, ड्राय फायरची सोय असेल ती लावून.

फोरसाईटची रिंग फार छोटी लावणं हा नव्या पोरांचा आवडता उद्योग. काळ्याभोवती पांढरा पट्टा अगदी बारीक ठेवला की नेम अचूक होईल असं वाटतं, पण मग डोळा तो पट्टा जपत बसतो, होल्ड (नेम धरून थांबणं) लांबतो, नजर थकते आणि शेवटी घाईत ट्रिगर ओढला जातो. एक साइज मोठी लावून दोन आठवडे बघा. स्कोप लावून बेंचवरून (रायफल टेबलावर टेकवून) मारत असाल तर पॅरॅलॅक्स (स्कोपचं अंतराचं सेटिंग) ५० मीटरवर आहे ना ते बघा, डोकं थोडं हलवल्यावर क्रॉस टार्गेटवर हलला नाही पाहिजे.

दोन गठ्ठे आले तर पाना घ्या

परवा एक मुलगी आली, "काका, बॅरल गेलं वाटतं, चार इकडे, सहा तिकडे." बॅरल वगैरे काही गेलेलं नव्हतं. दोन वेगळे गठ्ठे म्हणजे काहीतरी दोन जागी बसतंय: ॲक्शनचे (रायफलची यंत्रणा स्टॉकला धरणारे) स्क्रू, डायॉप्टरचा (मागच्या साइटचा) क्लॅम्प, बट प्लेट किंवा तुमचा गाल. तिचा पुढचा ॲक्शन स्क्रू बोटाने फिरत होता. हे स्क्रू अंदाजे पिळायचे नाहीत, टॉर्क पान्याने मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर, दोन्ही सारखे. लाकडी स्टॉक असेल तर पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर एकदा तपासा, लाकूड फुगतं आणि आक्रसतं. गाल चीकपीसवर कुठे टेकतो तिथे टेपचा बारीक तुकडा लावला तरी चालतो सरावाला, चामडीला लगेच कळतं.

गोल पसरलेला ग्रुप

इथे ॲमो आणि बॅरल. आणि इथे लोक दोन टोकं गाठतात. एक जण वर्षभर बॅरल साफ करत नाही आणि चेंबरच्या पुढे कार्बनचा टणक कडा तयार होतो, राउंड भरताना जरा अडकतो, मऊ शिशाची गोळी तिथेच खरवडते. दुसरा रोज पितळी ब्रशने घासून बॅरल कोरडं करतो आणि मग पहिल्या दहा-पंधरा गोळ्या सगळीकडे का जातात म्हणून विचारतो. त्या जाणारच, बॅरलमध्ये ग्रीसचा थर बसल्याशिवाय ते स्थिर होत नाही. ब्रँड बदलला तरी हेच, जुन्याचं ग्रीस वेगळं, नव्याचं वेगळं, त्यामुळे एका कंपनीच्या पाच आणि दुसरीच्या पाच अशी टेस्ट म्हणजे ॲमोची नासाडी. आधी १५-२० गोळ्या नव्या ॲमोच्या घालवा, मग मोजा. साफ करताना रॉड बोल्टच्या बाजूने, गाइड लावून. नळीच्या तोंडाकडून घातलेला रॉड क्राउन (नळीच्या तोंडाची कडा) घासतो, आणि क्राउन खराब झाला की मग खरंच रायफल गेली समजा.

लॉट नंबर हा विषय पैशाचा आहे म्हणून लोक टाळतात. ईली असो, लापुआ असो, आरडब्ल्यूएस असो, एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये तुमच्या बॅरलला एक चालेल, दुसरा नाही, आणि डब्यावरच्या किमतीवरून ते कळत नाही. एसकेचा साधा डबा महागड्या डब्याला मागे टाकतो असंही एखाद्या बॅरलमध्ये होतं. चार-पाच जणांनी मिळून वेगवेगळ्या लॉटचा एकेक डबा घ्या, बेंचवर प्रत्येकाच्या रायफलमधून काढून बघा, ज्याला जो चालला त्याने त्या लॉटचा जमेल तेवढा साठा करा. डब्यावरचा नंबर टार्गेटच्या कोपऱ्यात लिहायची सवय लावा.

राउंड चालला नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबा, उशिराने पेटतो कधी कधी. आवाज फुसका आला तर पुढची गोळी भरूच नका, आधी बॅरलमध्ये प्रकाश दिसतोय का बघा.

एका वेळी एकच गोष्ट बदला हे सांगायला नको, तरी लोक स्क्रू, ॲमो आणि फोरसाईट एकाच दिवशी बदलतात. हे सगळं करून दुसऱ्या दोन शूटरनी पण तुमच्या रायफलमधून बेंचवर तसाच पसरलेला ग्रुप काढला, वेगवेगळ्या लॉटने, तर मग बॅरलवर संशय घ्या. गनस्मिथकडे पाठवताना लॉट नंबर लिहिलेले ते सगळे कागद सोबत द्या. नुसतं "ग्रुप येत नाही" म्हणून पाठवली तर तोही आधी स्क्रूच बघणार आणि त्याचे पैसे लावणार.