वाघोलीकडे फ्लॅट घेताय? आधी टँकरची वही बघा

मी पुण्यात, वाघोलीतल्या ९० फ्लॅटच्या सोसायटीची खजिनदार. पुतण्या लातूरहून नोकरीला आला, ऑफिस खराडीत, म्हणून फ्लॅट इकडेच हवा. त्याला समोर बसवून जे सांगितलं, तेच लिहिते.

सॅम्पल फ्लॅट बघा, चहाही प्या. मग ब्रोशर पिशवीत टाका आणि शेजारच्या, लोक राहायला आलेल्या सोसायटीच्या गेटवर जा. वॉचमनकडे टँकरची वही असते. तारीख, गाडी नंबर, वेळ, सही. एप्रिल-मेची पानं उघडा. गणपतीतली नकोत, तेव्हा बोअरला पाणी असतं आणि सगळेच खूश असतात. आमच्या वहीत मेमध्ये दिवसाला पाच-पाच नोंदी आहेत. एक पहाटे ३:१० ची. सही माझीच, गाउनवर ओढणी घेऊन खाली उतरले होते.

आता हिशोब. शहरात माणशी रोज १३५ लिटर हे सरकारी माप. ९० घरं, घरटी चार माणसं, म्हणजे ४८,६०० लिटर. दहा हजारी टँकर पाच. आम्हाला मेमध्ये एक १,२०० ला पडला. रोजचे ६,०००, महिन्याचे १,८०,०००, घरटी २,०००, तेही मेंटेनन्स सोडून. साडेआठ टक्क्यांच्या २० वर्षांच्या कर्जाला लाखामागे हप्ता साधारण ८६८ रुपये. बारमाही टँकर लागत असेल, तर याच दोन हजारांत सव्वादोन लाखांहून जास्त कर्ज फिटलं असतं. सहा महिने लागत असेल तर निम्मं धरा. ही रक्कम फ्लॅटच्या किमतीत मिळवा आणि मगच पेठेतल्या किंवा येरवड्यातल्या जुन्या फ्लॅटशी तुलना करा.

आता तुम्ही म्हणाल, वाघोली तर पालिकेत आली. आली, जून २०२१ मध्ये, आणखी २२ गावांबरोबर. त्याआधी २०१७ मध्ये ११ गावं घेतली होती. हद्द एका अधिसूचनेने वाढते, पण टाक्या, पंप, खोदाई यांना वर्षं जातात. तोवर आयटी पार्कच्या वासाने ज्वारीच्या रानाला चौरस फुटाचा भाव आलेला असतो. बांधकाम परवानगीचे पैसे आधीच भरले जातात, पाइपाचा खर्च नंतरचा. मधल्या वर्षांचं बिल आपल्या गळ्यात. फ्लॅट स्वस्त दिसतो तो थोडाफार यामुळेच.

भोगवटा पत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला), महारेरा या घरबांधणीवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडची नोंद हे तर बघालच. पण करारनाम्यात 'पाणी' हा शब्दही शोधा. पालिकेचं पाणी येईपर्यंत टँकरचा खर्च कोणाचा, ते त्यातच कुठेतरी असतं. आमच्यात पान ३१ वर होतं, खर्च सोसायटीचा. मी ते ताबा घेतल्यावर वाचलं.

पुतण्या तीन गेटांवर जाऊन आला. तिसऱ्याने वही दाखवलीच नाही. मी म्हटलं, गेटच्या आतले पेव्हर ब्लॉक बघ. टँकर वळतो तिथे ते खचलेले असतात.