बाहेर राहणारे ससे आणि कडाक्याची थंडी: काळजीपोटी होणाऱ्या या चुका टाळा

थंडीचा कडाका वाढला की ज्यांचे ससे बाहेर पिंजऱ्यात असतात त्यांची एकच धावपळ सुरू होते, कुणी पिंजऱ्याला प्लास्टिक गुंडाळतं, कुणी जुनी चादर आत कोंबतं, कुणी रात्री ससा उचलून थेट हीटरपुढे आणून बसवतं. सगळं प्रेमापोटीच चाललेलं असतं हो, पण यातल्या बऱ्याच गोष्टींचा सशाला त्रासच होतो. कारण आपल्या अंगाला किती गार लागतंय त्यावरून आपण ठरवतो. सशाला खरं तर थंडीपेक्षा उकाडा जड जातो, पारा पंचविशीच्या वर गेला की तो हैराण व्हायला लागतो, पण अंगावर दाट केस आलेला, धडधाकट, कोरड्या जागेत बसलेला ससा शून्याच्या खालीसुद्धा नीट राहतो. त्याच्या जिवावर उठतं ते ओल, अंगावर येणारं वारं आणि गोठलेलं पाणी. खालच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

पिंजरा चारी बाजूंनी गच्च बंद करणं

मला विचाराल तर ही सगळ्यात घातक चूक, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काय मस्त बंदोबस्त केलाय! आत काय होतं बघा. सशाच्या लघवीतून अमोनिया सुटतो, श्वासातून वाफ निघते, आणि प्लास्टिकने सगळं बंद केलं की हे दोन्ही आतच कोंडतं. ससा नाकाने श्वास घेणारा प्राणी आहे, आपल्यासारखा तोंडाने घेऊन भागवू शकत नाही, त्यामुळे अमोनियाने नाक हुळहुळलं आणि त्यात इन्फेक्शन झालं की त्याचे फार हाल होतात. शिंका यायला लागतात, आणि नाक पुढच्या पंजांनी पुसून पुसून पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. नाक कोरडं दिसलं तरी पुढचे पाय उलटे करून बघा, बरेचदा तिथेच पत्ता लागतो.

तपासायची सोपी पद्धत आहे. सकाळी ताडपत्री पूर्ण काढायच्या आधी ती थोडीशी उचला आणि आपलं तोंड सशाच्या उंचीला नेऊन वास घ्या. नाकात झिणझिण झाली, डोळे चुरचुरले, तर रात्रभर तो त्याच हवेत होता. मग छताच्या आतून बोट फिरवा, पाण्याचे थेंब लागले तर वाफेला बाहेर जायला वाट नाहीये. तेच थेंब खाली पेंढ्यावर पडतात आणि पेंढा ओला होतो, मग आपण म्हणत बसतो पाऊस नाही की काही नाही, ही ओल आली कुठून!

उपाय म्हणजे ज्या बाजूने वारं येतं ती बाजू आणि पाठ नीट बंद करायची, समोरच्या जाळीवर ताडपत्री रात्री खाली सोडायची, पण वरच्या बाजूला फट ठेवायची. फट बसलेल्या सशाच्या डोक्याच्या बरीच वर हवी, म्हणजे हवा खेळते पण झोत अंगावर येत नाही. दिवसा ताडपत्री वर. आणि प्लास्टिकची कड आत लोंबत असेल तर ससा ती कुरतडणार हे धरूनच चाला.

आत चादरी, गोधड्या, टॉवेल घालणं

कापड ओल धरून ठेवतं आणि लवकर वाळत नाही. थंडीत ओल्या कापडावर बसलेला ससा उघड्या फळीवर बसलेल्या सशापेक्षा जास्त गारठतो. वर परत कापड कुरतडून पोटात गेलं तर आतडं अडायची भीती. झोपायच्या खोक्यात कोरडा पेंढा हवा, भरपूर, इतका की ससा त्यात शिरून स्वतःची जागा करेल. पेंढ्याच्या काड्या आतून पोकळ असतात, त्यात हवा अडकते आणि ऊब टिकते. खायचं वाळलेलं गवत वेगळं, ते अंथरुणावर वरून टाकलंत तरी चालेल पण फक्त त्याच्यावर भागवू नका, ते ओल पटकन शोषतं आणि अर्धं तर ससा खाऊनच टाकतो.

रोज एकदा हात पेंढ्यात थेट तळापर्यंत घालायचा. वरून सगळं सोनेरी आणि कोरडं दिसतं हो, तळाला फळी मात्र ओलीचिंब असते. हाताची मागची बाजू फळीला टेकवा, ओल चटकन कळते. लघवीचा कोपरा रोज काढायचा, थंडीत तर जास्तच, कारण बाहेर येणं कमी झालं की ससे आतच घाण करतात. सशाच्या तळव्याला कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात, नुसते केस असतात, त्यामुळे ओल्यावर बसून बसून टाचेशी केस जातात, कातडी लाल होते, मग जखमा.

पिंजरा जमिनीवर टेकवून ठेवू नका, विटांवर चढवा, निदान वीतभर तरी उंच, म्हणजे खालून ओल येत नाही. छप्पर गळतंय का ते थंडी सुरू व्हायच्या आधी बादलीभर पाणी ओतून बघा, अर्थात ससे बाहेर काढून. अजून एक, झोपायचं खोकं फार मोठं नको. सगळ्या सशांना अंग पसरून एकमेकांना टेकून झोपता येईल इतकंच हवं, कारण ते गरम करणारं मशीन म्हणजे त्यांचंच अंग आहे. फिरायला मोठी जागा, झोपायला छोटी.

बाटलीत पाणी दिसतंय म्हणजे ससा पितोय असं समजणं

गोठताना आधी गोठते ती नळी. बाटलीत पाणी छान हलत असतं, आणि नळीच्या टोकाची ती बारीक गोळी मात्र बर्फात घट्ट बसलेली असते, ससा चाटत राहतो आणि थेंबही येत नाही. त्यामुळे लांबून बघून निघून जाऊ नका. दर वेळी बोटाने गोळी दाबा, बोट ओलं झालं पाहिजे. बाटलीला जाड मोजा चढवला तर मदत होते पण तो नळीला वाचवत नाही, म्हणून कडाक्याच्या दिवसांत बाटलीसोबत एक जड, न कलंडणारं भांडं पण ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ तरी दोन्हीतलं पाणी बदला, फार गोठत असेल तर मधेही. कोमट पाणी दिलं तर ससे आवडीने पितात.

सशाला दिवसाला साधारण किलोमागे 50 ते 150 मिली पाणी लागतं. पाणी कमी पडलं की तो गवत खायचं कमी करतो, गवत कमी झालं की आतडं मंदावतं, आणि मंदावलेलं आतडं ही सशाची इमर्जन्सी आहे. थंडीने गेला असं आपण म्हणतो त्यामागे कधीकधी हे असतं. आणि पाणी गोठू नये म्हणून त्यात मीठ, साखर, दारू असलं काहीही घालू नका. गाडीतलं अँटीफ्रीझ तर विष आहे, त्याचा डबासुद्धा त्या बाजूला नको.

ऊब यावी म्हणून धान्य आणि पाव चारणं

थंडीत सशाला जास्त खायला लागतं हे खरं, पण जास्त म्हणजे गवत. सशाच्या मोठ्या आतड्यात तंतूमय चारा आंबतो आणि त्यातून उष्णता तयार होते, म्हणजे गवत हेच त्याचं जळण. ते रात्रंदिवस समोर हवं, आणि वारा-पावसात भिजणार नाही अशा जागी. पेलेट, म्हणजे सशांचं विकत मिळणारं गोळीखाद्य, थोडे वाढवले तरी चालतात, बारीक अंगाच्या सशाला विशेषतः. धान्य, पाव, बिस्किटं यांनी पोट बिघडतं. पाला ताजा द्या आणि उरलेला गोठायच्या आत उचला. वजन आठवड्याला करा, कारण थंडीतल्या फुगलेल्या केसांखाली खंगलेला ससा दिसतच नाही, पाठीच्या कण्यावर हात फिरवला की कळतं.

रात्री घरात, सकाळी परत बाहेर

हे तर अजिबात नको. बाहेरच्या सशाने थंडीसाठी दाट केस वाढवलेले असतात. त्याला गरम खोलीत आणलं की तो धापा टाकतो, आणि सकाळी परत गारठ्यात नेलं की अंगाला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. आणायचाच असेल तर थंडी संपेपर्यंत आतच ठेवा, नाहीतर हीटर नसलेल्या, कोरड्या, उजेड-हवा असलेल्या खोलीत हलवा. गॅरेज चालेल, पण तिथे गाडी सुरू करत असाल तर नाही, धूर त्यांच्या फुप्फुसांना सोसत नाही. घरात वाढलेला ससा ऐन थंडीत बाहेर काढणं हीसुद्धा तीच चूक, त्याला उबदार दिवसांतच बाहेर न्यायचं म्हणजे केस वाढायला वेळ मिळतो.

हीट लॅम्प, बल्ब, हीटर पेंढ्याजवळ लावू नका, आग लागते, आणि वायर दिसली की ससा चावणारच. गरम पाण्याची पिशवी किंवा बिनवायरचं हीट पॅड जाड कव्हरमध्ये गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा, म्हणजे त्याला नको असेल तर दुसरीकडे सरकता येतं.

थंडी आहे म्हणून दिवसभर कोंडूनही ठेवू नका. उड्या मारल्या की अंग गरम होतं, पोट चालू राहतं. बर्फात खेळू द्या, बर्फ झटकता येतो. पावसात कातडीपर्यंत भिजला तर मात्र लगेच आत घेऊन टॉवेलने टिपून पूर्ण कोरडा करा. आणि एकट्या सशाला रात्र जड जाते, जोडीदार असेल तर दोघं चिकटून झोपतात. पण ऊब मिळेल म्हणून अनोळखी ससा एकदम त्याच पिंजऱ्यात सोडू नका, ते भयंकर भांडतात.

पिल्लं, म्हातारे, आजारी, रोडावलेले आणि अगदी छोट्या जातीचे ससे कडाक्याच्या थंडीत बाहेर ठेवूच नका. रेक्स जातीच्या सशाच्या अंगावर वरचे राठ केस फार आखूड असतात, अंगोरा या लांब केसांच्या जातीचे केस ओले झाले की गुंता होऊन ऊब धरत नाहीत, यांच्याकडे जास्त लक्ष हवं.

काहीतरी बिनसलंय, कसं ओळखायचं

नुसते कान गार लागले म्हणून घाबरू नका, थंडीत ससा कानांकडचं रक्त कमी करून ऊब आत धरून ठेवतो. कान गार पण ससा टवटवीत, खातोय, पळतोय, तर ठीक आहे. कानाचं टोक फिकट, निळसर किंवा सुजलेलं दिसलं तर हिमदंश असू शकतो, चोळू नका, डॉक्टरला दाखवा.

खरं लक्ष लेंड्यांवर ठेवा. लहान, कडक, कमी झाल्या तर आधी पाणी तपासा, मग गवत. निम्मा दिवस काही खाल्लंच नाही किंवा लेंड्याच नाहीत तर उद्यावर ढकलू नका.

ससा कोपऱ्यात गोळा होऊन बसलाय, हाक मारली तरी हलत नाही, उचलल्यावर ढिला पडतो, पोटाकडचा भागही गार लागतोय, तर शरीराचं तापमान उतरलंय. निरोगी सशाचं 38.5 ते 40 अंशांच्या आसपास असतं, 38 च्या खाली गेलं की काळजीचं. आणि कुडकुडत नाही म्हणजे बरा आहे असं समजू नका, फार गारठलेल्यात कुडकुडायचीही ताकद उरत नाही. अशा सशाला सुक्या टॉवेलमध्ये गुंडाळा, टॉवेलात लपेटलेली कोमट पाण्याची पिशवी अंगाला लावा, हळूहळू ऊब द्या. ड्रायर नको, गरम पाण्याची अंघोळ नको, आणि ढिला पडलेला असताना तोंडात काही ओतू नका, फुप्फुसात जाईल. हे करता करताच डॉक्टरला फोन लावा, सशांवर उपचार करणारा कोण आहे ते आधीच शोधून ठेवलेलं असू द्या, आणि नेताना जोडीदार धडधाकट असेल तर त्यालाही बरोबर घ्या, त्याने घाबरगुंडी कमी होते आणि घरी आल्यावर दोघांत भांडण होण्याची शक्यताही कमी होते.