मशीन कोरं आहे? मग डायल काढून पाहा

नागपूरच्या इतवारीत बाबांच्या घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात गल्ल्यामागे आता मी बसते. आजोबांचं खिशातलं घड्याळ घेऊन आलेल्यांचा पहिला प्रश्न असतो, "कोणत्या कंपनीचं आहे ताई?" मशीनवर, म्हणजे आतल्या यंत्रावर, नाव दिसलं नाही की त्यांचा चेहरा उतरतो. उतरू नये, कारण नाव बहुतेक वेळा लपलेलं असतं.

झाकणाच्या आतला छाप केस म्हणजे बाहेरची डबी बनवणाऱ्याचा किंवा चांदीच्या शुद्धतेचा असतो. डायलवरचं नाव पुष्कळदा नुसतं विकणाऱ्याचं. स्वित्झर्लंडमध्ये कच्ची मशीनं बनवणारे कारखानेच वेगळे होते, फोंतेनमेलों गावचा तर १७९३ पासूनचा. एकाच मशीनवर कितीतरी दुकानांची नावं चढायची. रेग्युलेटरजवळ, म्हणजे वेग कमीजास्त करायच्या काट्याजवळ, 'ए' आणि 'आर' (फ्रेंचमधले जलद आणि मंद) असतील तर मशीन स्विस किंवा फ्रेंच समजा. 'एफ' आणि 'एस' (इंग्रजी फास्ट, स्लो) असतील तर घाई नको, निर्यातीच्या स्विस मशीनवरही ती अक्षरं असतात.

मग व्हर्नियर मोजपट्टीने मशीनच्या मुख्य प्लेटचा व्यास घ्या. जुनं माप लिन्य, म्हणजे साधारण २.२६ मिमी. ४३ मिमी भरलं तर मशीन १९ लिन्यचं.

आता डायल. आधी चावी बोटांत धरून क्लिक (स्प्रिंग उलटी सुटू न देणारा खटका) सरकवा आणि स्प्रिंग हळूहळू उतरू द्या. काटे काढा, प्लेटच्या कडेचे दोन स्क्रू अर्धा फेरा सैल करा. डायल इनॅमलचं असतं, जोर लावू नका. माझ्या हातून एकदा सहाच्या आकड्याशी तडा गेला, त्याचं वाईट आजही वाटतं.

चावीच्या दांड्याजवळ काटे लावायच्या सेटिंग लिव्हरची पट्टी दिसेल. खरी ओळख तीच. प्रत्येक कारखाना ती आपल्या घाटाची कापायचा. सरळ वरून फोटो घ्या आणि सुट्या भागांच्या जुन्या कॅटलॉगमधल्या चित्रांशी ताडून पाहा. तिथेच, नाहीतर बॅलन्सखाली (मागेपुढे झुलणाऱ्या चाकाखाली), बारीक शिक्का शोधा.

दिवाळीत अजनीच्या एक आजी आल्या होत्या. घड्याळ बंगाल नागपूर रेल्वेत गार्ड असलेल्या आजेसासऱ्यांचं. कंपनी निघाली त्या १८८७ सालचं, अशी घरातली समजूत. डायलवर कलकत्त्याच्या दुकानाचं नाव, मशीन कोरं. बॅलन्स उचलला तर खाली तांदळाएवढी ढाल आणि तिच्यात 'एएस'. म्हणजे ए. शिल्ड, स्वित्झर्लंडमधल्या ग्रेंशेनचा मशीनं बनवणारा कारखाना. तो कारखानाच १८९६ चा.

आजींनी आयग्लास, माझं भिंग, डोळ्याला लावून बराच वेळ पाहिलं. "म्हणजे लग्नानंतर घेतलं असेल त्यांनी," म्हणाल्या, आणि बॅलन्स बसवायच्या आधी नातवाला शिक्क्याचा फोटो काढायला लावला.